अर्हू घेऊन विमानात बसायचंय? आधी कातड्यावरचं ओझं उतरवा

मागच्या अंकात मी चीनमधल्या सुचौ शहरातल्या माझ्या सहा वर्षांबद्दल आणि तिथे एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात बसून अर्हू दुरुस्त करायला कशी शिकले त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांच्यासाठीच ठेवलंय. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अर्हू म्हणजे दोन तारांचं चिनी वाद्य. छोटासा लाकडी डबा, बहुतेक वेळा सहाकोनी, त्याच्या पुढच्या तोंडावर अजगराचं कातडं मढवलेलं आणि मागचं तोंड उघडं, तिथे नुसती नक्षीची जाळी. डब्यातून वर गेलेली दांडी, सगळं मिळून साधारण ८० सेंटीमीटर उंची, वर दोन खुंट्या. गजाचे केस दोन तारांच्या मधून ओवलेले असतात त्यामुळे गज वाद्यापासून सुटतच नाही. आतली तार सा धरली तर बाहेरची प. खाली पट्टी नाही, पडदे नाहीत, बोटं नुसती तारेवर, आणि आवाज असा की सारंगी ऐकून मोठं झालेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ओळखीचा वाटतो.

प्रश्न : ताई, माझी मुलगी सिंगापूरच्या शाळेत चायनीज ऑर्केस्ट्रात चार वर्षं अर्हू वाजवतेय. जूनमधे आम्ही कायमचे पुण्याला परत येतोय. अर्हू तिचं स्वतःचं आहे, इथल्याच दुकानातून घेतलेलं, चीनमधे बनलेलं. एक मैत्रीण म्हणाली की अजगराचं कातडं आहे, मुंबईला कस्टमवाले जप्त करतील. तेव्हापासून मुलगी रडतेय. काय करू? (सिंगापूर)

उत्तर : आधी मुलीला सांगा की वेळ आहे, रडू नकोस. पण मैत्रिणीने घाबरवलं ते बरंच केलं, कारण लोक वाद्य कसं गुंडाळायचं याची खूप चौकशी करतात आणि कागदांचं विमानतळावर बघू म्हणतात, आणि कागद विमानतळावर मिळत नाहीत.

भानगड अशी आहे. वन्यप्राण्यांच्या व्यापारावर सायटीस नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, १९७५ पासून लागू, भारत त्यात १९७६ ला आला आणि चीन १९८१ ला. अर्हूवर सहसा बर्मी अजगराचं कातडं असतं. तो त्या कराराच्या दुसऱ्या यादीत आहे, म्हणजे परवाना असेल तर नेता येतो. पण आपला भारतीय अजगर पहिल्या यादीत, सगळ्यात कडक, आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही तो पहिल्याच अनुसूचीत आहे. आता तुम्हीच विचार करा, रात्री दोन वाजता काउंटरवर उभा असलेला अधिकारी तळहाताएवढं रंगवलेलं, ताणलेलं कातडं बघून हा अजगर बर्मी का आपल्याकडचा, पाळलेला का जंगलातला, हे कसं ठरवणार? तो कागदच मागणार. त्याची चूक नाही. शिवाय २०२२ च्या दुरुस्तीनंतर सायटीसच्या यादीतले प्राणी आपल्या कायद्यात वेगळ्या अनुसूचीत आलेत, १ एप्रिल २०२३ पासून, त्यामुळे 'परदेशातलं कातडं आहे, इथल्या कायद्याचा काय संबंध' असं म्हणायची सोय नाही.

अर्हू ठेवायच्या केसमधे एक छोटं कार्ड आहे का बघा, किंवा डब्यावर नंबरचा शिक्का. चीनमधे १ जानेवारी २००५ पासून अर्हूसोबत तिथल्या वनखात्याचं प्रमाणपत्र असावं लागतं, की हे कातडं जंगलातल्या नाही तर पाळलेल्या अजगराचं आहे. चीनमधून बाहेर पडताना एका माणसाला अशी दोन अर्हू नेता येतात. ते कार्ड म्हणजे तुमच्या वाद्याचा जन्मदाखला समजा, हरवलं तर दुकानात जाऊन बिलाची तरी दुसरी प्रत घ्या. पण एक नीट लक्षात ठेवा, जन्मदाखला म्हणजे पासपोर्ट नव्हे. ते कार्ड चीनच्या दारापुरतं आहे. सिंगापूरमधून बाहेर नेताना तिथल्या नॅशनल पार्क्स बोर्डाकडून सायटीसचा निर्यात परवाना काढायचा, आणि इथे भारतात वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोच्या पश्चिम विभागाच्या ऑफिसला, ते नवी मुंबईत आहे, आधीच मेल करायचा. मेलमधे सगळं साधं सरळ लिहा: मुलगी शाळेत वाजवते, आम्ही घर हलवतोय, एकच वाद्य आहे, विकायचं नाहीये. सोबत पूर्ण वाद्याचा फोटो, कातड्याचा जवळून फोटो, बिल, कार्ड आणि शाळेचं पत्र जोडा, स्टेजवर वाजवतानाचा एखादा जुना फोटो असेल तर तोही, कारण त्यावरून वाद्य वापरातलं आहे हे लगेच कळतं. त्यांचं जे उत्तर येईल त्याची प्रिंट काढून केसमधे ठेवा, फोनमधे ठेवून भागत नाही, ऐनवेळी फोन बंद पडतो. मुंबईत उतरलात की स्वतःहून रेड चॅनेलला जा आणि दाखवा. लपवून नेलेली वस्तू सापडली की मग बिल, कार्ड, शाळेचं पत्र कशालाच किंमत राहत नाही.

हे सगळं करायला दोन महिने तरी हातात ठेवा. आणि समजा परवाना वेळेत नाहीच आला तर वाद्य शाळेत किंवा सरांकडे ठेवून या, परवाना आला की सुट्टीत जाऊन आणता येईल. कागदाशिवाय आणायचं धाडस करू नका, मी हे अगदी कळकळीने सांगतेय.

लाकडाचंही विचारलं असतंत म्हणून सांगून ठेवते. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या जातीची सगळीच झाडं सायटीसच्या यादीत गेली होती आणि तेव्हा वादकांचे फार हाल झाले, पण २६ नोव्हेंबर २०१९ पासून त्यातल्या दुसऱ्या यादीतल्या लाकडांच्या तयार वाद्यांना सूट आहे. भारी अर्हू कधीकधी रक्तचंदनाची असतात, आपल्या आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरातलं तेच झाड, त्याला तिकडे त्सितान म्हणतात आणि जीव टाकतात. यादीत रक्तचंदनाचे ओंडके, तुकडे, भुकटी आणि अर्क आहेत, तयार वाद्य नाही. तरी आपल्याकडे रक्तचंदन म्हटलं की सगळे कान टवकारतात, तस्करी इतकी झालीये, म्हणून बिलावर लाकडाचं नाव आणि 'वाद्य' हा शब्द दोन्ही असू द्या.

प्रश्न : दोन वर्षांच्या पोस्टिंगवर शांघायला आहे. इथे अर्हू शिकलो, एक बऱ्यापैकी घेतलं. पुढच्या महिन्यात परत येतोय, मधे एकदा विमान बदलायचंय. केबिनमधे न्यावं का सामानात द्यावं? तारा पूर्ण सैल कराव्यात का? ऑफिसमधला एकजण म्हणतो वर हवेचा दाब कमी असतो त्यामुळे कातडं फुगून फुटतं, खरं आहे का? (शांघाय)

उत्तर : दाबाने फुटत नाही. वर सांगितलं तसं डब्याचं मागचं तोंड उघडं असतं, त्यामुळे आतली आणि बाहेरची हवा एकच. कातडं फाटतं ते घोडीमुळे, म्हणजे तारांखाली कातड्यावर उभा असतो त्या छोट्या तुकड्यामुळे.

हे मी अनुभवातून सांगतेय. पहिल्यांदा सुट्टीला घरी येताना मी माझं अर्हू चेक-इन केलं होतं. केस चांगली टणक होती, आत मखमल होती, काउंटरवरच्या मुलीने 'नाजूक' म्हणून लाल स्टिकरसुद्धा लावला आणि मी निवांत झाले. घरी येऊन केस उघडली तर घोडीच्या बरोबर खालून एक चीर, केसाएवढी बारीक, खवल्यांच्या कडेकडेने वळत वळत डब्याच्या काठापर्यंत गेलेली. लाकडाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तारा सुरात होत्या. आईने विचारलं काय झालं, मला बोलताच येईना. परत गेल्यावर शिफूंना दाखवलं, शिफू म्हणजे गुरुजी, तिकडे कारागिराला असंच म्हणतात, तर त्यांनी चीर नीट बघितलीसुद्धा नाही, एवढंच विचारलं, "घोडी काढली नव्हतीस?"

म्हणजे होतं काय, दोन ताणलेल्या तारा घोडीला खाली दाबतात आणि घोडी दोन इवल्याशा पायांवर सगळा भार कातड्यावर टाकते. ती बोटाच्या पेरापेक्षा लहान असते. वाजवताना तो भार हवाच असतो, त्यातूनच आवाज येतो. पण केस खाली आपटली की तोच भार हातोडीसारखा बसतो. त्यात विमानातली हवा वाळवंटासारखी कोरडी, २० टक्क्यांच्या खाली दमटपणा, त्यामुळे कातडं आधीच आखडून ताठ झालेलं असतं. आपली तबल्याची पुडी उन्हात चढते ना, तसंच.

म्हणून आदल्या रात्री टेबलावर फडकं पसरा आणि शांतपणे बसा. दोन्ही तारा थोड्या उतरवा, साधारण एखाद-दोन सूर, जास्त नाही. पूर्ण सैल केल्या तर खुंट्या निघून येतात आणि दांडीला तारा बांधून ठेवणारा जो दोऱ्याचा वेढा असतो, तिकडे छिएनचिन म्हणतात, तो घसरतो, आणि त्याची जागा गेली की परत सूर बसवताना नवशिक्याचे दोन तास जातात. त्या वेढ्याच्या वरच्या कडेला दांडीवर कागदी टेपचा तुकडा लावून खूण करून ठेवा. वेढ्यापासून घोडीपर्यंतचं अंतरही मोजून लिहून ठेवा, मोठ्या माणसाच्या हाताला ३८ ते ४० सेंटीमीटरच्या आसपास असतं. मग एक पेन्सिल घ्या, गोल नको, षटकोनी, आणि डब्याच्या वरच्या लाकडी काठावर, कातड्यावर नाही बरं का, काठावर, तारांच्या खालून आडवी सरकवा. तारा उचलल्या जातात, घोडी आपोआप मोकळी होते. तिला ओढू नका, दोन बोटांनी सरळ वर उचला, आणि काड्यापेटीत कापूस घालून आपल्या हातातल्या पिशवीत ठेवा. घोडी केसमधे सुटी टाकली तर प्रवासभर कातड्यावर खुळखुळत राहील, त्यापेक्षा न काढलेली बरी! घोडीच्या खाली तारा आणि कातड्याच्या मधे जो नमद्याचा किंवा स्पंजचा तुकडा असतो तोही काढून तिच्यासोबतच ठेवा. गजाचा स्क्रू सैल करा आणि गज दांडीला मऊ फडक्याने दोन जागी बांधा, कारण तो तारांत अडकलेला असतो आणि हलला की दांडीला घासत राहतो. कातड्यावर वरून काहीही दाबून भरू नका, टॉवेलसुद्धा नाही. जे भरायचं ते दांडीच्या दोन्ही बाजूंना आणि डोक्याखाली. डब्यातून दांडी उपटून दोन भाग करून नेणारेही लोक आहेत, पण तो सांधा घट्ट राहण्यातच वाद्याचा सूर आहे, मी स्वतः तसं कधी करत नाही आणि तुम्हीही करू नका.

आता केबिन का सामान. केबिनच. भांडावं लागलं तरी केबिन, फक्त भांडण विमानतळावर नको, आधीच मेलवर करा. केस साधारण ८५-९० सेंटीमीटर लांब असते आणि आपल्याकडे हातातल्या बॅगेचं माप ५५ बाय ३५ बाय २५, त्यामुळे कागदावर ती बसत नाही, पण वरच्या कप्प्यात आडवी टाकली तर बहुतेक मोठ्या विमानांत आरामात मावते. म्हणून विमान कंपनीला केसची तिन्ही मापं आणि वजन लिहून विचारा, आणि 'चालेल' असं उत्तर आलं की त्याची प्रिंट घ्या. विमान बदलताना दुसरी कंपनी असेल तर तिलाही वेगळं विचारा, पहिलीचं उत्तर दुसरीला लागू नसतं. अमेरिकेत २०१५ च्या मार्चपासून नियमच आहे की चढताना कप्प्यात जागा असेल तर व्हायोलिनएवढं वाद्य तिथल्या कंपन्यांना केबिनमधे घ्यावंच लागतं, आपल्याकडे किंवा चीनमधे त्याच्या जिवावर बसू नका. जमलं तर लवकर चढण्याच्या रांगेचं तिकीट घ्या, कारण कप्पे भरले की मग कुणाचंच चालत नाही. वाद्य खरंच किमती असेल तर त्याच्यासाठी वेगळी सीट घेता येते, ती फोन करूनच बुक करावी लागते, वेबसाइटवर दिसत नाही. मुंबईहून पुढे एटीआरसारख्या छोट्या विमानाने गावी जाणार असाल तर त्याचे कप्पे अगदीच बुटके असतात, त्या शेवटच्या टप्प्याला सरळ गाडी करा.

सिक्युरिटीला एक्स-रेने काही होत नाही. राळ, म्हणजे व्हायोलिनवाले जिला रोझिन म्हणतात ती, हातात चालते. कात्री, स्क्रूड्रायव्हर मोठ्या बॅगेत टाका, आणि राळ पुसायला लोक स्पिरिट ठेवतात ते मात्र कुठेच टाकू नका, तिथेच कुणालातरी देऊन या.

घरी पोचल्यावर लगेच केस उघडायची नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहितीये, घरचे सगळे वाजवून दाखव म्हणून बसलेले असतात. पण कोरड्या थंड विमानातून मुंबईच्या घामट हवेत आल्यावर कातड्याला निदान एक रात्र द्या, केस बंदच राहू दे. दुसऱ्या दिवशी घोडी कातड्याच्या मधोमध ठेवा, पेन्सिल काढा आणि थोडं थोडं करत सुरात आणा, एका बैठकीत नाही.

प्रश्न : शिकायला म्हणून एक सेकंडहँड अर्हू घेतलं. कातड्याला साधारण दीड इंचाची चीर आहे. फेविक्विक लावलं, दोन दिवसांत परत उकललं. इथे तबलेवाला म्हणतो मी मढवून देतो. देऊ का? (नाशिक)

उत्तर : फेविक्विक लावल्याने चिरेच्या दोन्ही कडा काचेसारख्या कडक झाल्या असणार, आणि कडक झालेलं कातडं तिथूनच पुढे तडकतं. आता त्याला हात लावू नका. चीर पडलेलं कातडं जोडता येत नाही, मागून पट्टी लावून थोडे दिवस सरावापुरतं चालवता येतं, पण त्यावर खरा उपाय एकच, नवीन मढवणं.

ते कसं करतात ते मी शेकडो वेळा बघितलंय आणि दरवेळी माझा श्वास अडकतो. जुनं कातडं काठापासून सोडवून काठ घासून स्वच्छ करतात. नवा तुकडा पाण्यात भिजवून मऊ करतात. शिफू तुकडा निवडताना उजेडासमोर धरायचे, खवले मोठे आणि एकसारखे हवेत, मधोमध हवेत, अजगराच्या शेपटीकडचं कातडं त्यातल्या त्यात चांगलं. मग त्याच्या कडांना दोऱ्या बांधून डबा एका लाकडी घोड्यावर बसवायचा, काठाला गरम सरस, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला गोंद, लावायचा आणि दोऱ्यांमधे पाचरी ठोकत ठोकत कातडं चहुबाजूंनी ताणायचं. प्रत्येक पाचरीनंतर शिफू मधल्या बोटाने कातड्यावर एकदाच टिचकी मारायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. ओलं कातडं अगदी ठस्स वाजतं, हळूहळू त्यात नाद येतो, आणि कुठे थांबायचं हे फक्त त्या टिचकीवर. जास्त ताणलं तर आवाज पातळ आणि चिरका, कमी ताणलं तर वर्षभरात घोडीखाली खड्डा. वाळायला काही दिवस. आणि नंतरही नवं कातडं पहिले काही महिने बंदच बोलतं, वाजवून वाजवून उघडावं लागतं.

आता तुमचा तबलेवाला. अजगराचं कातडं भारतात शोधायचा विचारसुद्धा करू नका, तो गुन्हा आहे, कुणी 'आणून देतो' म्हणालं तरी नको. बकरीचं कातडं तो नक्की मढवू शकेल, सारंगीला तेच असतं. मी एका टाकाऊ अर्हूवर हा प्रयोग केलाय, वाजतं, सूरही धरतं, पण तो चकाकणारा, नाकातून आल्यासारखा अर्हूचा आवाज जातो आणि वाद्य सारंगीकडे झुकतं. शिकण्यापुरतं चालेल, मला तर ते वाद्य आवडायला लागलंय. पण तबल्याच्या माणसाला सांगा की अर्हूला तबल्यासारख्या ताण देणाऱ्या चामड्याच्या वाद्या आणि गठ्ठे नाहीयेत, नंतर चढवता-उतरवता येणार नाही, जो ताण सरस वाळताना तोच कायमचा. म्हणून सारंगी मढवणारा कुणी मिळाला तर तो जास्त बरा.

बाकी लाकडाचं काही काम असेल, डब्याच्या सहा फळ्यांचा सांधा सुटलाय, खुंटीचं भोक मोठं झालंय, तर सरळ मिरजेला जा. सतार-तंबोरे करणाऱ्या लोकांना सरस आणि खुंटी याबद्दल नव्याने काही सांगावं लागत नाही. फक्त सांधा सरसानेच जोडायचा असा आग्रह धरा. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणजे पुढच्या दुरुस्तीला दार उघडं राहतं. आधुनिक गोंदाने जोडलेला सांधा पुढे सोडवायची वेळ आली तर लाकूडच फाटतं.

आणि एक, वाद्य उंदरांपासून जपा. मी थट्टा करत नाहीये. वूशी गावचा आबिंग, अंध वादक, रस्त्यावर वाजवून पोट भरायचा, आज चीनमधे अर्हू शिकणारं प्रत्येक पोर त्याची 'दुसऱ्या झऱ्यातलं चंद्रबिंब' ही रचना वाजवतं. १९५० मधे संगीताचे अभ्यासक त्याचं वादन रेकॉर्ड करायला गेले तेव्हा त्याच्याकडे वाजवण्याजोगं वाद्यच नव्हतं, त्याच्या अर्हूचं कातडं उंदरांनी कुरतडलं होतं असं सांगतात. दुकानातून उसनं आणलेल्या अर्हूवर त्याने ते रेकॉर्डिंग केलं. तीन रचना अर्हूवर, तीन पिपा या छेडून वाजवायच्या चिनी तंतुवाद्यावर, बस, एवढंच आपल्याकडे उरलंय, कारण त्याच वर्षी डिसेंबरमधे तो गेला.

प्रश्न : पावसाळ्यात माझ्या अर्हूचा आवाज एकदम बसतो, आणि एका ठरावीक सुरावर ते घोगरं होऊन गुरगुरतं. कातडं गेलं का? (ठाणे)

उत्तर : नाही गेलं. ओल्या हवेत कातडं सैल पडतं, ढोलकीचं होतं तेच. केसमधे सिलिका जेलच्या दोन पुड्या आणि एक छोटा दमटपणा मोजायचा मीटर ठेवा, ४५ ते ६० च्या मधे काटा राहिला की छान. हेअर ड्रायर, हीटर, ऊन, काही दाखवायचं नाही, बाहेरून पटकन वाळतं आणि काठापाशी सुटतं. वाजवून झालं की घोडीखालचा भार उतरवायला तीच पेन्सिल वापरा, वर सांगितली ती.

गुरगुरणारा सूर जवळजवळ प्रत्येक अर्हूत असतो, चिनी लोक त्याला लांडग्याचा सूर म्हणतात. घोडीच्या खालचा नमद्याचा तुकडा बदलून बघा. जाड केला तर गुरगुर जाते पण आवाजही दबतो, म्हणून ब्लेडने अगदी थोडा थोडा पातळ करत बघायचा, एका दुपारचं काम आहे.

प्रश्न : पिपाचे बांबूचे पडदे तीन निघालेत. आणि हे वाद्य जुनं आहे, डोक्यावर पांढरी कोरीव पट्टी आहे. मुलाकडे लंडनला न्यायचंय. (कोथरूड)

उत्तर : पडद्यांचं सोपं आहे, जुना गोंद खरवडून काढा आणि सरसाने किंवा साध्या पांढऱ्या गोंदाने परत बसवा, थेंबभर पुरतो, जागा एक मिलिमीटरने हलली तरी सूर जातो म्हणून ट्यूनर लावून बसा.

पांढऱ्या पट्टीची मला जास्त काळजी वाटतेय. ती हाड असेल तर ठीक, पण जुन्या पिपावर हस्तिदंत असू शकतो, आणि हत्ती पहिल्या यादीत आहे, भारतात तर हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद. भिंग घेऊन बघा. हाडात बारीक काळपट ठिपके किंवा रेघा दिसतात, त्या मूळच्या रक्तवाहिन्यांच्या जागा, आणि हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या जाळीसारख्या रेषा. शंका राहिली तर जाणकाराला दाखवून लेखी घेईपर्यंत वाद्य घराबाहेर काढू नका. मुलाला इथे येऊन वाजवू दे.

प्रश्न : गूचंग विमानाने आणता येतं का? (बंगळूर)

उत्तर : गूचंग म्हणजे आडवं ठेवून छेडायचं लांबट चिनी तंतुवाद्य, २१ तारांचं पूर्ण गूचंग १६० सेंटीमीटरच्या वर जातं, केबिनचा प्रश्नच नाही. सगळ्या घोड्या काढून क्रमाने नंबर घालून वेगळ्या पेटीत ठेवा, तारा सैल करा, आणि कार्गोने लाकडी खोक्यात पाठवा. परतीच्या घाईत चेक-इनला देऊ नका. त्याला कातडं नसतं त्यामुळे अजगराच्या कागदांची कटकट तेवढी वाचते.

प्रश्न : आमच्या घरात कातड्याची वस्तू चालत नाही, आई माळकरी आहे. पण मला अर्हूच शिकायचंय. काही मार्ग? (सांगली)

उत्तर : आहे, आणि चांगला आहे. हाँगकाँग चायनीज ऑर्केस्ट्राने अजगराच्या कातड्याऐवजी पॉलिएस्टरचा पातळ पडदा लावलेली अर्हूच्या घराण्यातली वाद्यं तयार केलीत आणि त्यांचा सगळा वाद्यवृंद तीच वाजवतो, तेव्हा हे खेळणं आहे असं कुणी म्हणू शकत नाही. माझ्या कानाला आवाजात थोडा ओलावा कमी वाटतो, तो मी लपवणार नाही, पण पावसाळ्यात आवाज बसत नाही, विमानात आखडत नाही, आणि अजगराचा परवाना काढावा लागत नाही. घेताना विक्रेत्याकडून बिलावर 'कृत्रिम पडदा, प्राण्याचं कातडं नाही' असं स्पष्ट लिहून घ्या, कारण काही पडद्यांवर खवल्यांची नक्षी छापलेली असते आणि लांबून अगदी अजगरासारखीच दिसते. तशी नक्षी नसलेलं साधं पांढरं मिळालं तर तेच घ्या, आईलाही बरं वाटेल.

पुढच्या अंकासाठी लिहिताना वाद्याचा फोटो पाठवा, आणि तो समोरून नको, खिडकीपाशी वाद्य आडवं धरून बाजूच्या उजेडात काढा, कातड्यावरची बारीक चीर किंवा घोडीखालचा खड्डा तसाच दिसतो.